मेजावरचा उरलेला रस

आता हे पाणी कोण उपसणार, हा मालूच्या मनात आलेला पहिला विचार होता. अंगणातल्या निळ्या प्लास्टिकच्या टाकीत सकाळी पाच जणांचे बाप्तिस्मे झाले होते. पाणी गढुळलं होतं, काठावर ओले टॉवेल पडले होते. त्या पाच जणांत तिचा पुतण्या परेशही होता. तो पाण्यातून वर आला तेव्हा सगळी मंडळी टाळ्या वाजवून गात होती आणि मालू स्वयंपाकघराच्या खिडकीतून टाकीची खोली मापत होती. तिला स्वतःची लाज वाटली. पण पहाटेपासून उभं राहून तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या, आणि लाज वाटायलाही अंगात थोडं त्राण लागतं. तिनं गॅस बारीक केला आणि मटणाच्या टोपावर झाकण ठेवलं.

आजचा दिवस तिच्या नवऱ्याचा, जगनचा होता. करंजाड्याच्या या घराचा तळमजला गेली सहा वर्षं ख्रिस्ती मंडळीच्या उपासनेला दिलेला होता आणि आज मंडळीच जगनच्या हाती येणार होती. पास्टर काशीराम थकले होते. त्यांचे गुडघे गेले होते, एका डोळ्याला दिसत नव्हतं. दहा वर्षांपूर्वी ओवे गावातल्या जुन्या घरी त्यांनी जगनच्या उशाशी बसून तीन दिवस काढले होते, त्याची उलटी स्वतःच्या हातानं पुसली होती. आज अकराच्या उपासनेत प्रभुभोजन, म्हणजे भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट, होणार, आणि ते झालं की पास्टर जगनच्या डोक्यावर हात ठेवून त्याला पाळक नेमणार, असं ठरलं होतं. मुलगा मितेशनं पत्रिका छापल्या होत्या. मुंबईहून पाहुणे आले होते आणि अलिबागहून तर न कळवता अख्खी मिनीबस आली होती.

परेशला इथे आणलं होतं त्याच्या बापानं. विठूभाऊजी, जगनचे थोरले भाऊ, ओव्यातच राहत. येशूचे विश्वासी नव्हते आणि होणारही नव्हते. गावदेवीच्या जत्रेत पालखीला पहिला खांदा त्यांचा. स्वतः रोज संध्याकाळी दोन पेले घेत आणि ते लपवतही नसत. पण पोरगा सकाळपासूनच घ्यायला लागला, सव्वीस वर्षांचा गडी गटाराच्या कडेला सापडायला लागला, तेव्हा जानेवारीत त्यांनी त्याला रिक्षात घालून करंजाड्याला आणलं आणि दारातच म्हणाले होते, "जगन, तू सुटलास. आता याला सोडव. देव कुठला ते मी बगनार नाय." चार महिने परेश वरच्या खोलीत राहत होता आणि चार महिने त्यानं थेंबाला हात लावला नव्हता. रात्री जेवताना तो जगनची दारू सुटल्याची साक्ष पुन्हा पुन्हा ऐकायला मागायचा. ती साक्ष उरणपासून पेणपर्यंतच्या सगळ्या मंडळ्यांना तोंडपाठ होती. तेरा मे दोन हजार तीन, आणि त्या दिवसापासून दारूची इच्छाच मेली.

"मम्मी, कप भरून झाले." अंकिता स्वयंपाकघराच्या दारात आली. मितेशशी तिचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, तरी मीठ किती टाकू हेसुद्धा ती विचारायची. आज पहिल्यांदा न विचारता काहीतरी निभावलं होतं आणि ती खुशीत होती.

"सगले?"

"ऐंशी. अलिबागची बस आली ना, मी टेन्शनमध्येच आले. तुमचा रस साठ जणांनाच पुरला असता. मग जिन्याखालची बरणी काढली."

मालूनं हातातलं ओगराळं टोपात तसंच सोडलं. "कुठली बरनी?"

"चिनी मातीची. खोक्यांच्या मागे होती, वर फडकं बांधलेलं. मला वाटलं तुम्ही एक्स्ट्रा करून ठेवलाय. खाली चोथा होता, तो गाळला आणि दोन्ही एकत्र केलं, म्हणजे सगळ्यांना सारखंच मिळेल." तिनं नाक जरासं मुरडलं. "वास थोडा स्ट्राँग आहे. लवंगा घातल्यात का?"

"घातल्या असतील," मालू म्हणाली आणि पदराला हात पुसत बाहेर पडली.

दिवाणखान्यात खुर्च्या मांडून झाल्या होत्या. पाहुणे अंगणात मांडवाखाली चहा पीत होते. मेजावर पांढरं कापड घातलं होतं, त्यावर दोन ताटं, ताटांत औषधाच्या मापाएवढे छोटे कप, आणि त्यांवर मालूनंच विणलेला जाळीचा रुमाल. तिनं रुमालाचं टोक उचललं आणि वाकली. आंबूस, गोडसर, घशाच्या मागे टोचणारा वास आला. हा वास ओळखायला तिला दुसऱ्यांदा वाकावं लागलं नाही. लग्नानंतरची एकोणीस वर्षं ती याच वासाशेजारी झोपली होती.

मेजाचा रस तीच करायची. महिन्याच्या पहिल्या रविवारसाठी शनिवारी काळ्या मनुका भिजवायच्या, कुस्करायच्या, उकळून गाळायच्या. विकतच्या बाटलीवर जगनचा विश्वास नव्हता. आत काय असेल सांगता येत नाही म्हणायचा. आणि उरलेल्याचा नियमही त्यानंच घातला होता. मेजावरचं मोरीत ओतायचं नाही, मागच्या दारच्या माडाच्या मुळाशी घालायचं. ते काम मंडळीतला वडील म्हणून तो स्वतः करी. गेल्या ऑक्टोबरपासून मात्र तो तिला दर महिन्याला सांगत होता, थोड्या जास्त भिजव, लोक वाढतायत. लोक पस्तीस ते चाळीस, कधी जास्त झाले नाहीत. चोथासुद्धा तो न्यायला लागला, माडाला खत म्हणून. डब्यातला गूळ लवकर संपायला लागला. दुपारी तो वेलची चघळायचा.

हे सगळं तिनं पाहिलं होतं. पाहिलं होतं आणि कशाशी कशाची गाठ मारली नव्हती, कारण गाठ मारली की पुढे काहीतरी करावं लागलं असतं. डोळ्यांवर कातडं ओढून घेणं तिला जुन्या दिवसांपासून जमत होतं. तेव्हा ती सासूला सांगायची, त्यांना ताप हाय. शाळेत बाईंना सांगायची, मितेसचे बाबा कामावर गेलेत.

जगन मांडवात मुंबईच्या पाहुण्यांशी बोलत होता. पांढरा शर्ट, वहीसारखं छातीशी धरलेलं पवित्र शास्त्र. तिनं त्याला नजरेनं बोलावलं. तो हसतच आत आला आणि जिन्याखाली, उघड्या खोक्यांसमोर ती उभी राहिलेली पाहून हसायचा थांबला.

"अंकितानं बरनी काडली," ती म्हणाली. "मेजाच्या रसात मिसलली. ऐंशी कपांत हाय."

त्यानं एक खोकं पायानं मागे सारलं. "उष्म्यानं आंबला असंल. मे महिना हाय."

भांडायची तिला ताकद नव्हती, आणि गप्प राहिलेली मालू जगनला कधीच सोसवत नसे.

"गेल्या आक्टोबरात," तो खाली बघून म्हणाला. "माडाला ओतायला गेलो, तर रस आंबलेला. चव बगितली. तेवडीच."

"आनि मंग?"

"मंग काय. महिन्यातून चार-पाच वेला. जास्त नाय. कुत्तं भुकलं तरी दचकायचो. सुख नाय लागलं मालू, त्यात सुखपन नाय लागलं."

बाहेर मितेश की-बोर्ड लावून बघत होता. एकच सूर पुन्हा पुन्हा वाजत होता. जगननं मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेदहा व्हायला आले होते.

"आगल हाय ना घरात? कोकमाचं?"

तिला लगेच कळलं, आणि इतक्या लगेच कळलं याचंच तिला वाईट वाटलं. कोकमाचा रंग तोच, काळपट लाल. साखर घातली की बोटभर कपात कोणाला काय कळतंय.

"कप धू, कोकम भर. आजचा दिवस जाऊ दे. पास्टरचे गुडगे गेलेत, त्यांना आता दुसरा मानूस कुठं मिलनार हाय? लोक एवड्या लांबून आलेत. उद्यापासून बंद. बरनीच फोडून टाकतो. मालू, तुझी शपत, उद्यापासून."

उद्यापासून हा शब्द तिनं दहा वर्षांत ऐकला नव्हता. आता ऐकला तर तो जरासुद्धा जुना झालेला नव्हता. तरीही ती स्वयंपाकघरात गेली, फळीवरची आगळाची बाटली काढली, मोठ्या पातेल्यात ओतली, पाणी घातलं, साखर घातली. खरं सांगायचं तर तिलाही तेच हवं होतं. पुन्हा सगळं उलगडायचं, पुन्हा लोकांच्या नजरा, पुन्हा शेजारणींचं अगं बाई अगं बाई. हे तिला या जन्मात नको होतं. जगनला दारूनं ओढलं होतं, तसं तिला या शांततेनं ओढलं. ती ढवळत राहिली.

"मालू, पानी दे गो थोडं." विठूभाऊजी टोपी काढत आत आले. मुलाचा समारंभ म्हणून त्यांनी कडक इस्त्रीचा पायजमा घातला होता आणि घामानं त्याची पार दशा झाली होती. माठाकडे जाताना कप भरून ओट्यावर ठेवलेल्या रिकाम्या चंबूपाशी त्यांची पावलं थांबली. त्यांनी चंबू उचलून नाकाशी नेला आणि मिस्कील हसले.

"ह्यो तुमच्या येशूचा रस? आरं, मंग मला कदी बोलावलं नाय ते. मी दर आयतवारी आलो असतो."

जगन दारात उभा होता. भाऊजींनी चंबूकडे पाहिलं, पातेल्यातल्या कोकमाकडे पाहिलं, मग धाकट्या भावाच्या तोंडाकडे. दारूच्या बाबतीत त्यांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"कदीपासून?"

"सात महिने, दादा."

"म्हंजे जानेवारीत मी पोराला तुझ्याकडे घेऊन आलो, तवा तू चालूच व्हतास."

जगननं मान डोलावली.

भाऊजी तांदळाच्या पिंपावर बसले. "आनि आज ह्यातलंच त्याला पाजनार व्हते."

"दादा, नाय, चुकून झालं ते. अंकिताला माहीत नव्हतं. म्हनून तर कोकम..."

"तुमी लोक सारकं बोलता, परीक्षा, परीक्षा. सैतान परीक्षा बगतो, हे बगतो. मी घरी सांगायचो, आमचा जगन पास झाला त्या परीक्षेत. दाव्वी नापास, पन ह्या परीक्षेत पास. तुझा देव मला कदी पटला नाय जगन. पन तू पीत नाय, ह्याच्यावर माझा भरवसा व्हता. देवीपेक्षा जास्त व्हता."

"मलापन तसंच वाटलं दादा. पास झालो असंच वाटलं. तितंच चुकलं."

इतक्यात मितेश आला. गळ्यात टाय, हातात कार्यक्रमाचा कागद. अंकिता त्याच्या मागे होती. पातेलं, चंबू आणि काकांचा चेहरा बघून त्यानं विचारलं, आणि मालूनं दोन वाक्यांत सांगितलं. तिला वाटलं होतं, तो बापावर ओरडेल. उपवास करणारा, पहाटे उठून प्रार्थना करणारा पोरगा. वडील म्हणजे त्याच्या लेखी चालतंबोलतं शुभवर्तमान. मितेश ओरडला नाही. त्यानं कागदाची घडी घातली, आणखी एक घडी घातली, आणि अगदी हळू बोलला.

"ओके. काका, प्लीज, आत्ता बाहेर काही बोलू नका. पपांचं आपण घरातल्या घरात बघू. काउन्सेलिंग करू, काहीतरी करू. पण आज नाही. अंकिता, कप रिकामे कर, कोकम भर."

"मी नाही भरणार," अंकिता म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती स्वतःच घाबरली होती, पण हात पाठीमागे धरून उभी राहिली.

"मगाशी मला माहीत नव्हतं म्हणून भरलं. आता माहीत आहे."

"अंकिता, ही डिस्कशनची वेळ नाहीये."

"मी डिस्कशन करत नाहीये. फक्त भरणार नाही म्हणतेय."

मितेश आईकडे वळला. "मम्मी, तू कर."

मालूच्या हातात पळी होती. कोकमाचा रंग छान उतरला होता. तिनं विठूभाऊजींकडे पाहिलं. निदान ते तरी ओरडतील, बाहेर जाऊन सांगतील, म्हणजे आपल्याला काही ठरवावं लागणार नाही. पण भाऊजी उठून टोपी घालत होते.

"माझ्या तोंडातून काय भायेर जानार नाय," ते म्हणाले. "माझा भाव हाय तो. मी त्याला ओव्याच्या बांदावरनं खांद्यावर आनलाय, ते कदी बोललो काय कोनाला? पन परेशला मी न्येतो. आत्ता, ह्याच पावली. मरायचं तर घरी मरंल, तितं आमी खोटं तरी बोलत नाय."

तेव्हा मालूनं पळी ओट्यावर ठेवली.

"मी नाय ढवलत," ती म्हणाली. कोणावर रागावून नव्हे. दिवसभर डोक्यावर पाटी वाहिलेली बाई ती जशी खाली ठेवते तशी. "एकोनीस वर्सं मी झाकलं, मितेस. तुझ्यापासून झाकलं, तुझ्या आजीपासून झाकलं. आनि ह्या सात महिन्यांतपन गूल कुठं जातो ते मला दिसत व्हतं. मी इचारलं नाय. तुझ्या बाबांनी पाप केलं तर अर्दं माझं हाय. आता माझे हात दुखतात. जगन, तुमाला काय करायचं ते करा. कोकम भरायचं तर तुमी तुमच्या हातानं भरा."

नवऱ्याला नावानं हाक तिनं कधीच मारली नव्हती. तिच्या तोंडून ते कसं गेलं, तिलाही कळलं नाही.

जगननं पातेल्याकडे पाहिलं. मग तो पुढे आला. त्यानं पातेलं उचललं आणि एक क्षण मालूला वाटलं, आता हा बाहेर कप घेऊन बसणार. त्यानं ते बाजूला सरकवून ठेवलं, चेहऱ्यावरून पंजा फिरवला आणि विठूभाऊजींना म्हणाला, "दादा, धा मिन्टं थांब. मंग पोराला ने." आणि दिवाणखान्यात गेला.

लोक येऊन बसत होते. पास्टर काशीराम मेजाशेजारच्या खुर्चीत काठी टेकून बसले होते. नव्यानं बाप्तिस्मा झालेले पाच जण पहिल्या रांगेत होते, परेशचे केस अजून ओले. मालू दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. एरवी गाण्यानं सुरुवात व्हायची, पण जगन सरळ मेजापाशी जाऊन उभा राहिला. लोकांना वाटलं, साक्ष आहे, आणि सगळे सावरून बसले.

"तेरा मे दोन हजार तीन," तो म्हणाला. साक्षीसाठी त्याची वेगळी भाषा होती, पुस्तकातली, स्वच्छ. "त्या दिवशी प्रभूने मला स्पर्श केला. आणि त्या दिवसापासून मला कधीही..."

तो थांबला. कोणीतरी आधीच आमेन म्हणून टाकलं.

"मला कदी इच्छा झाली नाय, असं मी सांगतो," जगन म्हणाला. आता तो घरातल्यासारखा बोलत होता. "ते खोटं हाय. पैल्या दिवसापासून खोटं हाय. इच्छा रोज व्हायची. पैल्यांदा मला कोनी तरी इचारलं, भाऊ, आता इच्छा व्हते काय? मी नाय बोललो. लोकांनी टाल्या वाजवल्या. मंग मी दर वेलेला नाय बोलत गेलो. नऊ वर्सं पिलो नाय, ते खरं हाय. गेल्या आक्टोबरात मेजावरचा उरलेला रस माडाला ओतायला गेलो. तो आंबला व्हता. तोंडात घेतला, तवा थुंकायचं व्हतं. गिलला. तवापासून उरलेला रस मी बरनीत साठवतो. गूल घालतो. पितो. प्रभूच्या मेजाचं नाव सांगून पितो. चुकून तो आज ह्या कपांत आलाय. कोनी उचलू नका."

मागे पंख्याखाली एक पत्रिका फडफडत होती. मितेश की-बोर्डमागे बसून पांढऱ्या पट्ट्यांकडे बघत होता, आणि मालूला आपल्या मुलाची त्या घटकेला जेवढी दया आली तेवढी नवऱ्याची आली नाही.

"जगन," पास्टर काशीराम म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"तुमी सगलीकडे माझं नाव सांगायचे पास्टर. ज्याला त्याला सांगायचे, जगनकडे बघा. मंग मी कसं सांगू?"

म्हाताऱ्यानं काठीवर हनुवटी टेकली. "खरं आहे," ते म्हणाले. "त्यातला काही वाटा माझा. आज मेज नाही होणार. हात ठेवणंही नाही. तू खाली बस, त्या पाच जणांच्या शेजारी. अंकिता, बाळ, ते कप ने आणि मोरीत ओत."

"मोरीत कसं पास्टर?" भामामावशी, मंडळीतली सगळ्यात जुनी बाई, न राहवून म्हणाली. "मेजावरचं मोरीत ओतत नाहीत."

"मोरीतच ओत," पास्टर म्हणाले. "आणि भरपूर पाणी टाक."

अंकितानं ताटं उचलली. जगन पहिल्या रांगेच्या टोकाला, रिकाम्या खुर्चीत बसला. अलिबागच्या दोन बायका एकमेकींच्या कानाला लागल्या. मुंबईच्या पाहुण्यांतला एक जण उठून फोन कानाला लावत बाहेर गेला. विठूभाऊजी मालूच्या मागून पुढे आले आणि त्यांनी दारातूनच मुलाला हात केला, चल. परेश उभा राहिला. पण तो बापाकडे आला नाही, काकाकडे वळला.

"काका, मला रोज प्यावीशी वाटते," तो म्हणाला.

तो इतक्या लोकांसमोर कधी बोलला नव्हता.

"चार महिने रोज. गेल्या मंगलवारी पनवेलला गेलतो, दुकानासमोर अर्दा तास हुबा व्हतो. कोनाला बोललो नाय. तुमाला कदीच इच्छा झाली नाय ना, मंग मला वाटलं, माझ्यावर देवानं कामच केलं नाय. आज पान्यात उतरलो तवापन हेच वाटत व्हतं, मी सगल्यांना फसवतोय."

जगननं वर पाहिलं. "मंग? दुकानात गेलास?"

"नाय. परत आलो."

"कसा काय आलास?"

"ते नाय माहीत. चालत आलो."

"मला सांग ते सगलं," जगन म्हणाला. "कसा आलास ते मला शिकायचं हाय." आणि त्यानं शेजारच्या खुर्चीवर ठेवलेलं शास्त्र उचलून मांडीवर घेतलं, म्हणजे परेशला बसायला जागा होईल. परेश बसला. विठूभाऊजी तिथेच थोडा वेळ उभे राहिले, मग मागच्या रांगेत एक खुर्ची ओढून तेही बसले. रिक्षा बोलवायचं त्यांनी काही काढलं नाही.

जेवणं झाली. झाली म्हणजे ज्यांना राहायचं होतं ते राहिले आणि जेवले. अलिबागची बस जेवून गेली, मुंबईची गाडी न जेवता गेली. मितेश वरच्या खोलीत दार लावून बसला होता. अंकितानं त्याचं ताट झाकून वर नेलं आणि रिकाम्या हातांनी खाली आली. पंगतीला वाढायला तीच उभी राहिली, मालूला तिनं पळीला हातही लावू दिला नाही.

मालू मागच्या दारी गेली. जगन पायरीवर बसला होता, शर्टाच्या बाह्या दुमडून. त्याचं ताट तसंच होतं, भातावर माशी बसत होती. तिला त्याचा राग आला होता आणि तो अजून गेला नव्हता. बरेच दिवस जाणार नाही हेही तिला माहीत होतं. पास्टर होता होता राहिलेला, पिकल्या मिशांचा, गावभर नाचक्की झालेला माणूस. उद्या मंडळीत कोण येईल, कोण नाही, पोरगा बापाशी पुन्हा कधी बोलेल, काहीच सांगता येत नव्हतं.

संसाराच्या एवढ्या वर्षांत तिनं त्याला एकच प्रश्न विचारला होता. घेतली काय? दारातून आत येताना, अंथरुणावर, पोरासमोर, हजारदा तोच प्रश्न. तो नाही म्हणायचा आणि ती त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. सुटल्यानंतर तिनं तोही विचारायचा सोडून दिला होता.

ती पायरीवर त्याच्याशेजारी टेकली. गुडघे कुरकुरले.

"आत्ता घ्यावीशी वाटते काय?" तिनं विचारलं.

जगननं तिच्याकडे पाहिलं.

"वाटते," तो म्हणाला. "लय वाटते."

"बरं," मालू म्हणाली. "मंग मी बसते हितं."